आधी रॅम, मग रुबाब

“प्रोसेसर दणदणीत घे. रॅम काय, पुढंमागं कधीही टाकता येते.” वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या एखाद्या पोरानं घरात पहिला कॉम्प्युटर जुळवायचा, वर तो ओव्हरक्लॉक करायचा, असं बोलून दाखवलं की हे वाक्य त्याच्यावर चहूबाजूंनी येऊन आदळतं. ग्रँट रोडचा दुकानदार हेच सांगतो, वसई स्टेशनाजवळचा असेंब्लीवाला हेच सांगतो, आयटीत चिकटलेला मावसभाऊ हेच सांगतो आणि ज्यानं जन्मात कॅबिनेटचं झाकण उघडलेलं नाही तो शेजारचा काकाही हेच सांगतो. मासळीच्या भावावरसुद्धा ज्यांचं कधी जमत नाही, त्यांचं इथं मात्र अगदी जमतं. त्यांचं जमो बापडं. पण या एकमतापायी पोराचे पैसे वाया जातात आणि शिकायची संधीही जाते, म्हणून मला गप्प बसवत नाही.

त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकू. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्या मेंदूला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. मग मेंदू जितका तगडा, तितकं पळवायला रान मोकळं. सबब इंटेलचा ‘के’ अक्षरवाला प्रोसेसर घ्यावा, त्याला झेड मालिकेतला मदरबोर्ड घ्यावा, वर पाण्याचा कूलर बसवावा. एवढ्यात खिसा रिकामा होतो. मग तळाशी जी चिल्लर उरेल तिच्यात आठ नाहीतर सोळा जीबीची मिळेल ती एक स्टिक खोचावी. रॅम ती रॅम, सगळ्या सारख्याच. हंगाम बरा गेला की दुसरी आणू.

ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! आता हा मेंदू काम कसं करतो ते पाहू. ४.४ गिगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसर एका सेकंदात ४४० कोटी ठोके टाकतो. हवी ती माहिती त्याच्या पोटातल्या कॅश मेमरीत सापडली तर ठीक. नाही सापडली तर रॅमकडे हात पसरावा लागतो, आणि तिथून उत्तर यायला साधारण साठ-सत्तर नॅनोसेकंद लागतात. सत्तर नॅनोसेकंद ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात या मेंदूचे तीनशेहून जास्त ठोके होऊन जातात, आणि वाट बघण्यातच त्यातले बहुतेक वाया जातात. आता महागडा कूलर लावून तुम्ही त्याला ४.८ वर नेलंत. काय झालं? रॅम होती तिथंच आहे. पूर्वी तीनशे आठ ठोके रिकामा बसणारा आता तीनशे छत्तीस ठोके रिकामा बसतो. याला वेग वाढवणं म्हणायचं? पाचूबंदरच्या माणसाला तर हे सांगायचीही गरज नसावी. मोठ्या इंजिनाची बोट अर्धा तास आधी खाडीच्या तोंडाशी आली, पण ओहोटी लागलेली असेल तर ती भरतीची वाट बघत बाहेरच नांगरून राहते, आणि मागून फटफटत आलेली लहान बोट तिच्याच शेजारी येऊन उभी राहते.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलेलं आहे. २०२२ मध्ये एएमडीनं रायझन ७ ५८००एक्स३डी बाजारात आणला. आधीच्या ५८००एक्सची कमाल झेप ४.७ गिगाहर्ट्झ होती, या नव्याची ४.५ केली. म्हणजे वेग चक्क घटवला. इतकंच नाही, नेहमीच्या पद्धतीनं ओव्हरक्लॉक करायचा मार्गही बंद केला. बदल्यात चिपच्या डोक्यावर ६४ एमबी कॅश मेमरीचा आणखी एक थर चढवला, एकूण ९६ एमबी. गेममध्ये या हळू प्रोसेसरनं आपल्याहून वेगवान भावाला मागं टाकलं. मेंदू तोच, उलट थोडा मंद. फक्त त्याला हवं ते हाताशी मिळालं. ‘सगळा पैसा गिगाहर्ट्झला’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. मी वाट बघतोय.

उत्तर म्हणून ते बहुधा सेलेरॉनची कथा काढतील. जुनी मंडळी ती पोथीसारखी सांगतात: १९९८ चा सेलेरॉन ३००ए, किंमत गरिबाची, मदरबोर्डवर बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी वाट) ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली की तीनशेचा थेट साडेचारशे. कथा खरी आहे. पण सांगणारे तिचा निम्मा भाग गाळतात. त्याच वर्षी आधी आलेला सेलेरॉन २६६ ही असाच चढायचा, अगदी चारशेपर्यंत, आणि तरीही रोजच्या कामात रडायचा, कारण त्याच्या पोटात दुसऱ्या पातळीची कॅश नव्हतीच. ३००ए ला १२८ केबी मिळाली, तीही प्रोसेसरच्याच वेगानं धावणारी, आणि नशीब पालटलं. शिवाय त्या काळच्या बीएक्स बोर्डावर बस शंभर झाली की रॅमही शंभरावरच चालवावी लागे. ज्याच्याकडे पीसी-१०० ची बरी रॅम होती तो साडेचारशेचा मालक झाला. ज्यानं ६६ ची स्वस्त रॅम खोचली होती तो काळ्या पडद्याकडे बघत बसला. म्हणजे ज्या कथेवर यांचा सगळा पंथ उभा आहे, तिचा नायकसुद्धा रॅमच्या जिवावरच मोठा झाला.

आणि अभिमानानं सांगायला आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण आहेच. पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला, तो काही जगातला सर्वांत शक्तिमान प्रोसेसर विकत आणून नव्हे. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडले. प्रत्येकाला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार वाटा. कसब होतं ते माहिती वेळेवर पोचवण्यात.

आता ‘रॅम ती रॅम, सगळ्या सारख्याच’ हे सुभाषित. दुकानात डीडीआर४ च्या दोन स्टिका शेजारी ठेवा. दोन्ही सोळा जीबी, दोन्हींवर ३२०० लिहिलेलं. सारख्याच ना? बारीक अक्षरांत एकीवर सीएल १६ असेल, दुसरीवर सीएल २२. पहिला दाणा हाती यायला किती ठोके लागतात याचा तो आकडा. ३२०० च्या रॅमचं घड्याळ खरं तर १६०० मेगाहर्ट्झचं, प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते म्हणून ३२००. तेव्हा सोळा ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद आणि बावीस ठोके म्हणजे पावणेचौदा. दरवेळी, प्रत्येक मागणीला, हा फरक. उलटही फसगत होते. ३६०० लिहिलेली सीएल १८ ची स्टिक पाहून डोळे विस्फारतात. हिशोब केला तर तीही दहाच नॅनोसेकंदांची. मोठ्या आकड्यामुळे माहितीच्या वाटेची रुंदी वाढते, पण पहिलं उत्तर लवकर येईलच असं नाही. डीडीआर५ मध्ये तर ४८०० सीएल ४० ची स्टिक साडेसोळा नॅनोसेकंदांच्या पुढं जाते आणि ६००० सीएल ३० पुन्हा दहावर येते. एका भागाकाराचं काम आहे हो. पाचवीतलं पोर करील. पण आमचे सल्लागार जीबी विचारतात आणि रंगीत दिवे लागतात का ते विचारतात.

याहून मोठा विनोद पुढं आहे. समजा कुणी चांगली ३६०० ची जोडी आणलीही. ती बसवून कॉम्प्युटर चालू केला की मदरबोर्ड तिला सरळ २१३३ किंवा २४०० वर चालवतो. बायॉसमध्ये शिरून एक्सएमपी (रॅमवरच नोंदलेलं तिच्या पूर्ण वेगाचं) प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती आपल्या वेगावर येत नाही. असे कितीतरी कॉम्प्युटर मी उघडून पाहिलेत: पैसे ३६०० चे मोजलेले, चाल २१३३ ची, आणि मालक मात्र प्रोसेसर आणखी दोनशे मेगाहर्ट्झ कसा चढवावा या विवंचनेत. हे एक्सएमपीचं बटण दाबणं कंपन्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे. म्हणजे नवशिक्याचं पहिलं, बिनखर्चाचं, सर्वांत फायद्याचं ओव्हरक्लॉकिंग रॅमचं असतं. ते सोडून याला म्हणे मेंदू पळवायचाय!

‘आत्ता एक स्टिक, दुसरी नंतर’ या वाक्याला तर मी सरळ नुकसानीचा करार म्हणतो. एका स्टिकेनं एकच वाट उघडते. ३२०० वर सेकंदाला २५.६ जीबी. दोन स्टिका योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. आठ-आठच्या दोन आणि सोळाची एक यांत जीबी सारखे, पण रुंदी दुप्पट. आणि ती ‘नंतर’ येणारी स्टिक? त्याच नावाची, त्याच रंगाची आणली तरी आतल्या चिपा वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात, कारण स्टिकरखाली काय घालायचं ते बनवणारा वेळोवेळी बदलतो. साध्या वेगाला दोघी नांदतात. वेग चढवला की पटत नाही. शिवाय ‘नंतर’चा भाव काय असेल हे कुणाला ठाऊक असतं? २०२५ च्या उन्हाळ्यात ज्यांनी ‘रॅम दिवाळीनंतर बघू’ म्हटलं, त्यांना दिवाळीनंतर काय दिसलं? कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आणि अनेक किटांच्या किमती दुपटीपार गेल्या. डिसेंबरात मायक्रॉननं तर क्रूशियल या नावानं घरगुती गिऱ्हाइकाला माल विकायचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. कुणी म्हणेल, मग भाव एवढे चढलेले असताना रॅमवर कसा खर्च करायचा? प्रोसेसरमधले पैसे काढून, दुसरं काय.

म्हणून मला विचाराल तर पाचूबंदरातल्या पहिल्या ओव्हरक्लॉक कॉम्प्युटरला रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर पुरून उरतो. सहा कोअर, ६५ वॅट, कूलर डब्यातच, आणि ग्राफिक्सचा भाग पोटात. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायला पैसे नसलेल्या घरात हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण हा पोटातला ग्राफिक्स रॅममधूनच जेवतो. एक स्टिक लावली तर तो उपाशी. ३६०० ची जोडी लावली तर तोच गेम, तोच प्रोसेसर, पण चित्र अडखळायचं थांबतं. त्यात याची तिसऱ्या पातळीची कॅश १६ एमबी, साध्या ५६०० च्या निम्मी, म्हणजे रॅमकडे हात पसरायची वेळ जास्त. रायझनच्या आतली वाहतूक, ज्याला इन्फिनिटी फॅब्रिक म्हणतात, तीही रॅमच्या घड्याळाशी बांधलेली. ३६०० ला दोन्ही १८०० वर एका तालात चालतात. बी५५० चा बोर्ड घ्या, प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक उघडाच आहे, ग्राफिक्सचं १९०० मेगाहर्ट्झचं घड्याळही पुढं सरकवता येतं. शिकायला एवढं मैदान ‘के’वाल्यांच्या बजेटमध्ये मिळतं का? ज्याला नव्याच वाटेनं जायचं असेल त्यानं एएम५ वरचा ८६००जी आणि डीडीआर५ ची जोडी घ्यावी, न्याय तोच. वसईच्या किल्ल्यात होणाऱ्या प्री-वेडिंग शूटचं व्हिडिओ एडिटिंग करून चार पैसे मिळवायचे असतील तर मात्र सोळा नव्हे, बत्तीस जीबी. तिथं जास्त कोअरचा प्रोसेसर उपयोगी पडतो, एवढं मी मान्य करतो. ‘के’ अक्षर तिथंही उपयोगी पडत नाही.

कारण त्या ‘के’ मध्ये आता उरलंय काय? २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलनं बस कुलूपबंद केली आणि ओव्हरक्लॉकिंगला तिकीट लावलं: प्रोसेसर ‘के’चा, मग बोर्ड झेडचा, आणि पुढंपुढं कूलरही वेगळा, डब्यात मिळेनासा झाला. त्या वेळचा २५००के निदान ३.३ वरून साडेचारपर्यंत सहज जायचा. तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे. आज कंपनी स्वतःच सगळा रस पिळून विकते. आय९-१४९००के दुकानातूनच ६ गिगाहर्ट्झची झेप घेऊन येतो, पूर्ण ताणाला २५३ वॅट खातो. तुम्ही काय वाढवणार, कपाळ? आणि हा पीळ किती घट्ट आहे ते २०२४ मध्ये दिसलं. १३ व्या आणि १४ व्या पिढीचे असे प्रोसेसर कुणी हातही न लावता डळमळायला लागले. इंटेलला जादा व्होल्टेज मान्य करून मायक्रोकोड बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. एवढं होऊनही काका म्हणणार, ‘के’च घे.

वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. ४ चे ४.४ गिगाहर्ट्झ करायला १.२० व्होल्टाचे १.३५ करावे लागले, तर वेग दहा टक्के वाढतो आणि खप जवळजवळ चाळीस टक्के. ती सगळी उष्णता जाते कुठं? खोलीत. सल्लागारांचे गुरू व्हिडिओमध्ये ज्या खोलीत बसतात तिथं एसी असतो, वीस-बावीस अंश. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच चौतीस-पस्तीस. कूलर पाण्याचा असो की हवेचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. त्याच्या हातात फक्त वरचा फरक. त्यांच्याकडे जी चिप पंच्याऐंशीवर थांबते ती इथं शंभराला टेकणार, आणि मग स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करणार. म्हणजे महाग घेऊन, वीज जाळून, शेवटी परत मूळ पदावर. त्यात आमची हवा नुसती गरम नाही, खारी आहे. वलांडीवरचे बोंबील ज्या वाऱ्यानं सुकतात तोच वारा खिडकीतून कॅबिनेटमध्ये शिरतो. मीठ ओलावा धरून ठेवतं. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर पांढरी बुरशी चढल्यासारखं दिसतं, खाचांचे संपर्क बिघडतात. जितके जास्त पंखे, तितकी जास्त खारी हवा आत ओढायची. समुद्रकाठच्या घराला ६५ वॅटचा, थोडक्या वाऱ्यात गार राहणारा प्रोसेसरच शोभतो. रॅमचं व्होल्टेज १.२ वरून १.३५ नेलं तर खोलीला त्याचा पत्ताही लागत नाही. (आणि रॅम बिघडली की काढून खोडरबरानं घासायचा जो राष्ट्रीय उपचार आहे, तो जरा बेतानं. संपर्कावरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.)

शेवटी उरतो तो कुजका टोमणा, जो उघड कुणी म्हणत नाही: कोळ्याच्या घरात हे ओव्हरक्लॉकिंगचे चाळे कशाला? तयार लॅपटॉप घ्या, गप फॉर्म भरा. वा रे वा. ज्या घरातला माणूस डिझेल इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो, जीपीएस आणि फिशफाइंडर हाताळतो, त्याच्या पोराला बायॉसचे चार आकडे झेपणार नाहीत? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढून इंजिनं खोलतात, ते कुणाला विचारून? बिघडण्याची भीती घालणाऱ्यांनी हेही सांगावं की रॅमचे आकडे जमले नाहीत तर बहुतेक वेळा होतं इतकंच: कॉम्प्युटर चालू होत नाही, बोर्डावरचा गोल सेल काढून परत घातला की सगळं पूर्ववत. हां, डोळे मिटून बटणं दाबू नयेत. २०२३ मध्ये काही बोर्डांनी रायझन ७००० ला परस्पर जादा एसओसी व्होल्टेज दिलं, चिपा जळल्या, आणि एएमडीला १.३ व्होल्टाची मर्यादा घालावी लागली. म्हणून आकडा वाचायला शिका. पण आकडा वाचायला शिकायचं तर कॉम्प्युटर उघडावाच लागेल ना?

माझी एकच अट आहे, आणि ती वेग विकणाऱ्यांना अजिबात आवडत नाही. विंडोज उघडली म्हणजे ओव्हरक्लॉक जमला, असं नाही. रॅममधली एखादी चूक पडदा निळा न करता गुपचूप फाइल खराब करते; बहिणीच्या लग्नाचे फोटो सहा महिन्यांनी उघडायला जाल तेव्हा कळेल. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी खाली. आणि रॅमवर, प्रोसेसरवर खर्च करून झाल्यावर यूपीएससाठी पैसे राहिलेच पाहिजेत. पावसाळ्यात लाइट किती वेळा लपंडाव खेळते ते महावितरणच्या गिऱ्हाइकाला मी सांगायला नको.

तेव्हा वसई रोडहून गाडी पकडा, ग्रँट रोडला उतरा, दुकानात शिरा आणि प्रोसेसरचं नावही काढू नका. आधी विचारा: दोन स्टिकांचं एकाच डब्यातलं किट आहे का, आणि त्याचा सीएल किती? दुकानदार ‘भाऊ, ते सोडा, हा आय९ बघा’ म्हणाला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा. तिथल्या लॅमिंग्टन रोडवर दुकानं काही कमी नाहीत.